आधी कोणाकडे जायचे? मद्रास आणि ख्रिस्ती मिशनांच्या अग्रक्रमाचा प्रश्न

हा पाठ मद्रासचा असला तरी त्याची सुरुवात न्यूयॉर्कमधील एका रुग्णाच्या घरात करावी लागते. १८१९ च्या आगेमागे जॉन स्कडर नावाचा एक तरुण डॉक्टर तिथे रुग्णाला तपासायला गेला होता. थांबावे लागले म्हणून त्याने समोर पडलेली एक पुस्तिका चाळायला घेतली. पुस्तिकेचे नाव होते ‘जगाचे धर्मांतर, किंवा साठ कोटींचा हक्क’. ती वाचून डॉक्टरने चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडली आणि बायकोमुलीसह जहाज धरले. आधी सिलोन आणि १८३६ मध्ये मद्रास, असा त्याचा प्रवास झाला. पुढे त्याचे सात मुलगे दक्षिण भारतात मिशनरी झाले आणि त्याच्या नातीने वेल्लोरचे प्रसिद्ध रुग्णालय उभे केले.

मराठी वाचकाने इथे जरा थांबावे, कारण ती पुस्तिका लिहिली गेली होती मुंबईत. तिचे लेखक गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल न्यूवेल हे अमेरिकन मराठी मिशनचे पहिल्या फळीतील मिशनरी. हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला, तेव्हा कंपनी सरकार त्याला परत पाठवण्याच्या विचारात होते. न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने वारला. हॉलही १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या दौऱ्यावरून परतताना त्याच रोगाने गेला. या दोघांनी १८१८ मध्ये अमेरिकन वाचकांपुढे मांडलेला युक्तिवाद फार साधा होता, आणि तो अंकगणिताचा होता. जगात साठ कोटी लोक असे आहेत की ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही पडलेले नाही. दर वीस हजार माणसांमागे एक मिशनरी धरला, तर तीस हजार मिशनरी लागतील. अमेरिका आणि युरोपातील चर्चना हे अशक्य आहे काय?

हा हिशोब नीट पाहा. त्यात कोणता धर्म चांगला, कोणता वाईट याची चर्चा नाही. मिशनरी कुठे आहेत आणि कुठे नाहीत, एवढेच मोजलेले आहे. ज्या गावात चर्च आहे, पाळक आहे, छापील बायबल आहे, तिथल्या माणसाने ऐकले नाही तर तो त्याचा निर्णय. पण ज्याला ऐकण्याची संधीच मिळाली नाही, त्याचे काय? ख्रिस्ती मिशनांच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात पैसा, माणसे आणि छापखाने कुठे पाठवायचे हे ठरवताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आला. त्याची उत्तरे मात्र बदलत गेली, आणि ती बदलण्यात मद्रास शहराचा वाटा मोठा आहे.

शास्त्राधार आणि तक्ता

प्रथम या विचाराचा धार्मिक आधार समजून घेऊ. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, इतिहासाच्या अभ्यासकाला माणसे कशावर विश्वास ठेवून वागली हे कळावे लागते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा देतो. त्याच ग्रंथात अन्यत्र, शुभवर्तमान सर्व जगात गाजवले गेल्यानंतर शेवट येईल, असा आशय येतो. तिसरा आधार पौलाचा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो सांगतो की दुसऱ्याने घातलेल्या पायावर आपण बांधत नाही, जिथे ख्रिस्ताचे नाव माहीत नाही तिथेच जातो. म्हणून त्याची नजर स्पेनकडे होती. या तिन्ही उताऱ्यांना एक चौथी समजूत जोडली गेली: ज्यांनी ऐकले नाही ते तारणाला मुकतात. ही समजूत धरली की निकड आपोआप येते, कारण रोज माणसे मरत आहेत.

ही समजूत सर्व ख्रिस्ती पंथांची नाही, हेही लक्षात ठेवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट केले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते. म्हणजे ‘न ऐकलेल्यांना’ प्राधान्य देण्यामागची निकड सर्वत्र सारखी नव्हती.

शास्त्रवचने जुनीच होती, पण त्यांना तक्त्याची जोड मिळाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. विल्यम केरी हा इंग्लंडमधील मोची आणि बाप्तिस्त उपदेशक. त्याने १७९२ मध्ये एक छोटे पुस्तक छापले आणि त्यात जगातील देशांचे तक्ते दिले: लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म. त्याच्या बेरजेनुसार जगाची लोकसंख्या ७३ कोटी १० लाख, आणि त्यांपैकी ४२ कोटी लोक त्याच्या भाषेत ‘मूर्तिपूजक अंधारात’. हे आकडे अंदाजाचे होते. तरीही धर्मप्रसाराची चर्चा भूगोल आणि लोकसंख्येच्या भाषेत करण्याची सवय इथून लागली. मुंबईतील हॉल-न्यूवेल यांचा साठ कोटींचा हिशोब याच वळणाचा आहे.

आता मद्रासकडे वळू. या शहराची गंमत अशी की परंपरेनुसार इथे शुभवर्तमान सर्वात आधी पोचले. प्रेषित थोमा मैलापूरजवळ मारला गेला अशी श्रद्धा आहे, सान थोमे आणि सेंट थॉमस माउंट ही ठिकाणे तिची साक्ष म्हणून दाखवतात. पोर्तुगीज सोळाव्या शतकात इथे आले तेव्हा त्यांना माउंटवर पहलवी लेख असलेला दगडी क्रूस सापडला. प्रोटेस्टंट मिशन मात्र दक्षिणेकडून आले. ९ जुलै १७०६ रोजी झीगेनबाल्ग आणि प्ल्यूशाऊ हे दोन जर्मन तरुण डेन्मार्कच्या राजाने पाठवल्यावरून तरंगंबाडीला उतरले. काही वर्षांत तिथे तमिळ नवा करार छापून निघाला. १७२६ मध्ये बेंजामिन शुल्त्झे मद्रासला आला आणि पुढे वेपेरी हे मिशनचे ठाणे झाले. १७६१ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी घेतल्यावर तिथला छापखाना वेपेरीत आला आणि फॅब्रिशियसने त्यावर तमिळचे काम केले. तरंगंबाडीच्या मिशनऱ्यांकडे जगाचा तक्ता नव्हता. राजाची वसाहत जिथे होती तिथे ते गेले. नंतरच्या काळाशी तुलना करायला हा फरक उपयोगी पडतो.

ब्राह्मणाचा मुलगा की चामड्याचा व्यापारी?

एकोणिसाव्या शतकात मद्रासमध्ये या प्रश्नावरून जो वाद झाला, तो मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. म्हणून तो जरा सविस्तर पाहू.

१८३७ मध्ये जॉन अँडरसन या स्कॉटिश मिशनऱ्याने मद्रासमध्ये इंग्रजी शाळा काढली. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ आणि मुंबईत जॉन विल्सन हेच करत होते. अँडरसनच्या शाळेचे पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेज झाले आणि १८६२ मध्ये आलेल्या विल्यम मिलरने ते नावारूपाला आणले. विद्यार्थी बहुतेक ब्राह्मण आणि अन्य उच्चजातीय हिंदू. बाप्तिस्मे अगदी थोडे. मायदेशी देणगीदार विचारू लागले, एवढा खर्च करून ख्रिस्ती किती झाले? मिलरचे उत्तर असे की आपले काम माणसे मोजण्याचे नाही. पिठात खमीर मिसळते तसे ख्रिस्ती विचार समाजाच्या वरच्या थरात मिसळले, की हळूहळू सगळा समाज बदलेल. त्याच्या दृष्टीने ‘न पोचलेला’ समाज म्हणजे विचारांचे नेतृत्व करणारा उच्चवर्ग.

दुसऱ्या बाजूला स्कडरचे मुलगे होते. त्यांनी १८५३ मध्ये अर्काट मिशन स्थापले आणि सुरुवातीला ठरवले की हिंदू मुलांसाठी शाळा चालवायच्या नाहीत, खेड्याखेड्यांतून तमिळमध्ये उपदेश करायचा. त्याच सुमारास अमेरिकन बोर्डाचा सेक्रेटरी रूफस अँडरसन भारत आणि सिलोनच्या पाहणीवर आला. त्याचाही कल हाच होता. त्याच्या भेटीनंतर जाफन्याची प्रसिद्ध बट्टिकोटा सेमिनरी बंद झाली आणि अहमदनगरच्या मराठी मिशनने खेड्यांतील लहान मंडळ्यांवर भर दिला. नगर जिल्ह्यात महार आणि मांग समाजातून जी ख्रिस्ती कुटुंबे झाली, त्यामागे हे धोरणही एक कारण होते. एकाच देशात, एकाच दशकात दोन मिशने ‘पोचणे’ या शब्दाचा अगदी वेगळा अर्थ करत होती.

या वादाचा निकाल परिषदांमधील भाषणांनी लागला नाही. तो लावला, असे मी म्हणेन, ओंगोलच्या मादिगांनी. नेल्लोरचे अमेरिकन बाप्तिस्त तेलुगू मिशन इतके निष्फळ ठरले होते की मायदेशी ते बंद करण्याचा विचार एकाहून अधिक वेळा झाला. १८६६ मध्ये जॉन क्लाऊ ओंगोलला राहायला गेला. त्याने शाळा काढली, ब्राह्मण मुले आली. पण त्याच वर्षी येर्रागुंटला पेरय्या नावाचा, चामड्याचा व्यापार करणारा मादिगा समाजातील माणूस स्वतः होऊन बाप्तिस्मा मागायला आला. त्याच्यामागे त्याची भावकी आली. उच्चजातीयांनी क्लाऊला सांगितले: ते किंवा आम्ही. क्लाऊ आणि त्याच्या पत्नीने करिंथकरांस पहिल्या पत्रातील, देवाने जगातील हीनांना निवडले अशा आशयाचे वचन वाचून निर्णय घेतला अशी कथा आहे. शाळेतील ब्राह्मण मुले गेली.

पुढे १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ आला. मद्रास सरकारने दुष्काळी कामे काढली, त्यांतले एक बकिंगहॅम कालव्याचे. चेन्नईत आज अड्यारपासून उत्तरेकडे जाणारा घाण पाण्याचा जो कालवा दिसतो, तोच हा. ओंगोलच्या बाजूच्या काही मैलांच्या खुदाईचे कंत्राट क्लाऊने घेतले, म्हणजे भुकेल्यांना मजुरी मिळेल. काम आणि मदत चालू असेतो बाप्तिस्मा देणार नाही, असे त्याने ठरवले आणि ते वर्षाहून अधिक काळ पाळले. मग ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीवर एका दिवसात २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला.

आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारू. मदत थांबल्यावरच बाप्तिस्मा दिला, हे क्लाऊच्या बाजूने. पण ज्याने दुष्काळात जगवले त्याच्याकडे माणूस कृतज्ञतेने वळणार, हेही खरे. त्या काळातही ‘तांदळासाठी ख्रिस्ती’ असा टोमणा होताच. तिसरी गोष्ट बहुतेक पुस्तकांत निसटते: पेरय्या दुष्काळाच्या दहा वर्षे आधी आला होता. चळवळ मादिगांच्या आपापसातील नात्यांमधून पसरली. मिशनने त्यांना ‘प्राधान्य’ दिलेच नव्हते. त्यांनी मिशनचे प्राधान्य बदलायला लावले. महाराष्ट्रात नगरला आणि तिरुनेलवेलीत जे घडले त्याचेही साधारण असेच आहे. मिशनऱ्यांनी काढलेल्या याद्यांमध्ये जे तळाशी होते ते आपण होऊन पुढे आले.

एक वेगळी अडचणही सांगायला हवी. काही लोक गावातच राहत होते आणि तरी पोहोचेबाहेर होते: घराच्या आतल्या भागातील स्त्रिया. पुरुष मिशनरी त्यांच्याशी बोलूही शकत नव्हता. म्हणून स्त्री मिशनरी, घरोघरी जाऊन शिकवणाऱ्या बायबल बायका आणि स्त्री डॉक्टर यांना महत्त्व आले. जॉन स्कडरची नात इडा हिच्याबद्दल सांगतात की एका रात्री तीन घरांतले पुरुष बाळंतपणात अडलेल्या बायकांसाठी मदत मागायला आले, पण पुरुष डॉक्टर चालणार नाही म्हणाले. तिन्ही बायका गेल्या. इडा वैद्यक शिकून परत आली आणि १९०० पासून वेल्लोरमध्ये काम करू लागली. १९१८ मध्ये तिने मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्त्री डॉक्टरांची जी मागणी केली, तिच्याशी ही गोष्ट ताडून पाहा.

देशी माणसे, देशी पैसा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रश्नाला नवे वळण मिळाले. आतापर्यंत ‘जाणारे’ गोरे होते. १२ फेब्रुवारी १९०३ रोजी पाळयंकोट्टैला इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली. तिच्यामागे वेदनायगम सॅम्युअल अझरय्या हा तिरुनेलवेलीचा तमिळ तरुण होता. तिने निजामाच्या राज्यातील दोर्नकल निवडले, जिथे भाषा तेलुगू. म्हणजे तमिळ ख्रिस्ती माणूस स्वतःच ‘परक्या’ मुलखात जाणारा झाला. १९०५ च्या नाताळच्या दिवशी, सेरामपूरला केरीच्याच ग्रंथालयात, नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. देशी माणसे, देशी पैसा, देशी व्यवस्थापन ही तिची भूमिका. वंगभंगाचे आणि स्वदेशीचे ते वर्ष होते, हे विसरू नका. तिचे कार्यालय मद्रासला, रॉयपेट्ट्यात होते. पहिले क्षेत्र मात्र निवडले पंजाबचे. मद्रासहून पंजाब, कारण हिशोब पुन्हा तोच: जिथे कोणी नाही तिथे.

१९१० च्या जूनमध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधींमध्ये आशियातले वीसही नव्हते. परिषदेच्या पहिल्या आयोगाचा विषयच सर्व ख्रिस्तेतर जगात शुभवर्तमान नेणे हा होता. नकाशे आणि आकडेवारीचा मोठा अ‍ॅटलास छापला गेला. लॅटिन अमेरिका मात्र चर्चेतून वगळली, कारण ती आधीच ख्रिस्ती मानली गेली. तक्त्यात कोण ‘पोचलेला’ आणि कोण नाही हे ठरवण्यामागे राजकारणही असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

त्या परिषदेत अझरय्याने जे भाषण केले ते आजही वाचण्यासारखे आहे. गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याग केला, पैसा दिला, हे मान्य करून त्याने म्हटले की आम्हाला त्यांची मैत्री हवी. श्रोत्यांपैकी काहींना ते झोंबले. मला यात एक अडचणीचा प्रश्न दिसतो: जो माणूस आपल्या तक्त्यातला आकडा आहे, त्याच्याशी मैत्री करता येते का? अझरय्या १९१२ मध्ये दोर्नकलचा बिशप झाला, अँग्लिकन चर्चचा पहिला भारतीय बिशप. त्याच्या धर्मप्रांतात माला आणि मादिगा समाजाचे हजारो लोक आले.

त्यामुळे महात्मा गांधींशी त्याचा संघर्ष झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, आणि सर्व धर्मांचे प्रचारक सावध झाले. गांधींचे म्हणणे होते की दलितांना धर्माची तुलना करण्याची साधने नसताना त्यांच्यात प्रचार करणे हे त्यांच्या असहाय्यतेचा फायदा घेणे आहे. सेवा करा, पण धर्मांतर नको. अझरय्याची भूमिका अशी की दलित स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ शकत नाहीत असे म्हणणे हाच त्यांचा अपमान आहे. या वादात तुम्ही कोणाच्याही बाजूने उभे राहा, पण मधला दुवा सोडू नका: ज्यांच्याविषयी दोघे बोलत होते त्यांचा नेता तिसराच होता, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्याने ना गांधींचे ऐकले ना बिशपचे.

तांबरम, डिसेंबर १९३८

मद्रास ख्रिश्चन कॉलेज १९३७ मध्ये शहराबाहेर तांबरमच्या मोकळ्या माळावर गेले. पुढच्याच वर्षी तिथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेची जागतिक बैठक भरली. ती खरे तर चीनमध्ये हांगचौला व्हायची होती, जपानने आक्रमण केल्यामुळे मद्रासला आली. एडिंबरोच्या तुलनेत इथे आशिया-आफ्रिकेतील प्रतिनिधी मोठ्या संख्येने होते. चर्चेचे मुख्य पुस्तक होते हेंड्रिक क्रेमर या डच विद्वानाचे. त्याचे म्हणणे, ख्रिस्तातील प्रकटीकरण इतर कोणत्याही धर्माची पूर्तता नाही, ते वेगळेच आहे. म्हणून सांगायला जाणे भाग आहे. कॉलेजचेच प्राध्यापक ए. जी. हॉग यांनी त्याला विरोध केला. हिंदू विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला त्यांच्या श्रद्धेत देवाचा स्पर्शच नाही असे म्हणवत नव्हते.

त्याच वर्षी मद्रासमधील पी. चेंचय्या, व्ही. चक्करै आदी भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी ‘रीथिंकिंग ख्रिश्चॅनिटी इन इंडिया’ हा लेखसंग्रह काढला. ही मंडळी वकील-न्यायाधीश, पगारी पाळक नव्हेत. चेंचय्यांना ख्रिस्त हवा होता, पण पाश्चात्त्य चर्चची संघटना, तिची सभासदसंख्या वाढवण्याची ओढ नको होती. त्यांच्या दृष्टीने न पोचलेल्यांचा तक्ता हा मुळातच चुकीचा प्रश्न होता.

जातीचा तक्ता

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांचे परवाने कमी झाले आणि मिशनांचा विचार पुन्हा बदलला. या बदलाचे मूळही भारतात आहे. वॉस्कॉम पिकेट यांनी भारतातील सामूहिक धर्मांतरांची पाहणी करून १९३३ मध्ये पुस्तक लिहिले. दामोहला जन्मलेले आणि छत्तीसगडमध्ये काम केलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी त्यावरून १९५५ मध्ये सिद्धान्त मांडला: माणसे एकएकटी कमी आणि जातभाईंसोबत अधिक येतात, म्हणून जात हा पूल समजा. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राल्फ विंटर यांनी हा धागा पुढे नेला. त्यांचे म्हणणे, एखाद्या देशात चर्च आहे म्हणजे तो देश ‘पोचला’ असे नाही. त्याच देशात भाषेने, जातीने वेगळे असे कितीतरी समूह आहेत, ज्यांच्यात एकही ख्रिस्ती नाही. मत्तयातील ‘राष्ट्रे’ या शब्दामागचा ग्रीक शब्द ‘एथ्नोस’ आहे, आणि त्याचा अर्थ आजचे देश असा नसून लोकसमूह असा घ्यावा, हा त्यांच्या मांडणीचा कणा. पुढे निकषही ठरले. एक प्रचलित निकष असा: ज्या समूहात सुवार्तावादी ख्रिस्ती दोन टक्क्यांपर्यंत आणि सर्व मिळून ख्रिस्ती पाच टक्क्यांपर्यंत आहेत, तो न पोचलेला.

मराठीत यासाठी ‘अस्पर्शित लोकसमूह’ असा शब्द सुचू शकतो. तो टाळावा. आपल्या देशात त्या शब्दाला वेगळा वास आहे.

आणि शब्दापलीकडचीही अडचण आहे. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील चर्चना हुकूम दिला की चर्चमध्ये जात चालणार नाही. एका प्याल्यातून प्रभुभोजन घ्या, एकत्र बसा. वेपेरीसह अनेक ठिकाणी उच्चजातीय ख्रिस्ती त्यावरून मंडळी सोडून गेले. ज्या मिशनांनी असा लढा दिला, त्यांच्याच वारसांनी दीडशे वर्षांनी जात हेच नियोजनाचे एकक केले. चेन्नईतील गुरुकुल लुथेरन थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये १९८० च्या दशकात महाराष्ट्रातून आलेले अरविंद निर्मळ यांनी दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी केली, ती याच पार्श्वभूमीवर वाचायला हवी. भारतातील बहुसंख्य ख्रिस्ती दलित असूनही चर्चचे चिंतन उच्चजातीय हिंदू तत्त्वज्ञानाशी संवाद करण्यात गुंतले, ही त्यांची तक्रार. चर्चच्या आत बसलेल्या माणसापर्यंत तरी चर्च पोचले आहे का, असा त्याचा अर्थ होतो.

आता जनगणनेचा एक कागद समोर ठेवा. २०११ मध्ये चेन्नईत ख्रिस्ती ७.७२ टक्के, तमिळनाडूत ६.१२, महाराष्ट्रात ०.९६ आणि देशात २.३. वरचा निकष लावला तर माणसे आणि पैसा कुठून कुठे जाईल हे तुम्हीच सांगू शकाल. झालेही तसेच. चेन्नईच्या अंबत्तूरमध्ये मुख्यालय असलेल्या फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँडचा जन्म तमिळ तरुणांच्या प्रार्थनागटांतून झाला. त्यांनी साध्या कुटुंबांच्या छोट्या छोट्या वर्गणीवर उत्तरेकडे कार्यकर्ते पाठवले. १९७७ मध्ये देशी मिशनांची शिखर संघटना इंडिया मिशन्स असोसिएशन स्थापन झाली. तिचे कार्यालय बराच काळ चेन्नईत होते. केरीने देश मोजले, हॉलने कोटी मोजले, आणि यांनी भाषा, जाती व टपाल खात्याचे पिनकोड घेऊन कुठे कोणी नाही याच्या याद्या केल्या.

अशा याद्यांवर जे येते ते रिकामे ठिकाण नसते. प्रेयर बँडचे कार्यकर्ते ज्या भागांत गेले त्यांत गुजरातचा डांग जिल्हा आहे, आपल्या नाशिक जिल्ह्याला लागून. १९९८ च्या नाताळात डांगमध्ये ख्रिस्ती आदिवासींच्या प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, आणि त्यानंतर पंतप्रधान वाजपेयींनी धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असे म्हटले. ती चर्चा खरे तर जुनीच. ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत, आजच्या अनुच्छेद २५ मधील धर्माचा ‘प्रचार’ करण्याच्या हक्कावर वाद झाला होता आणि तो शब्द राहिला. इंडिया मिशन्स असोसिएशन स्थापन झाली त्याच १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. सांगता येते, पण बदलण्याचा हक्क नाही. ही रेषा प्रत्यक्षात कुठे काढायची यावर राज्याराज्यांत कायदे होत राहिले. तमिळनाडूने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा २००२ मध्ये केला आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीतील पराभवानंतर त्याच सरकारने तो मागे घेण्याची घोषणा केली.

पुढच्या तासाला येताना स्टॅनिस्लॉस निकाल आणि घटना समितीतील त्या दिवसाची चर्चा, दोन्ही वाचून या. निकाल लहान आहे, अर्ध्या तासात होतो. वाचताना एक गोष्ट शोधा: ज्याने ऐकले आणि स्वतः ठरवले, त्या पेरय्यासारख्या माणसाचा हक्क त्यात कुठे येतो?